खडूस आत्याच्या किल्ल्या

१

"बाई, तुम्ही घरीसुद्धा अशाच असता का हो?"

तोंड भिंगरीचं होतं, पण प्रश्न वर्गातल्या मागच्या बाकाचा होता. आठवडाभर त्या बाकावर दुसरा विषयच नव्हता. खडूस आत्या! रोज संध्याकाळी अर्धा तास टीव्हीवर येऊन सगळ्यांचं डोकं उठवणारी. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, छन् छन् करत दाराआडून ऐकायचं, सुनेचे घास मोजायचे, कुणी चुकून हसलं तर त्याच्या हसण्यावर विरजण घालायचं.

"तिला बघितलं की टीव्हीवर चप्पल फेकावीशी वाटते," चष्मिष म्हणाली होती. "तुझी आई तिथेच कपडे शिवते ना? मग विचार की तिला तोंडावर. आहे हिंमत?"

हिंमत? गेल्या वर्षी कुणी असं म्हटलं असतं, तर भिंगरी बाकाखाली शिरली असती. हजेरीला 'हजर'सुद्धा ती कुजबुजतच म्हणायची. पण शाळेच्या नाटकात ऐनवेळी एक मुलगी आजारी पडली, हिला ढकलून उभं केलं आणि ही चक्क टाळ्या घेऊन आली. तेव्हापासून गाडीचे ब्रेकच निकामी झाले होते. "विचारते! नुसतं विचारत नाही, उत्तर घेऊन येते!" असं म्हणून ती शाळेतून थेट स्टुडिओत आली होती.

मेकअपच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या खुंटीला इस्त्री केलेला जांभळा पोशाख लटकत होता. आत आरशाभोवतीचे सगळे दिवे चालू होते आणि बाई दाराकडे पाठ करून खुर्चीत बसल्या होत्या.

उत्तर आलं नाही.

"राग आला का? मैत्रिणींनी पैज लावली म्हणून विचारलं. मला तुमचं काम आवडतं. म्हणजे राग येतो, पण तेच तर..."

बोलत बोलत ती पुढे गेली आणि आरशात तिला बाईंचा चेहरा दिसला. डोळे उघडे होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. गळ्याभोवती कपडे मोजायची पिवळी टेप घट्ट आवळलेली होती.

भिंगरी मागे सरकली. तिचं दप्तर खुर्चीच्या हातावर आपटलं, बाईंच्या कमरेचा जुडगा घसरून फरशीवर पडला. खोली तशीच गप्प. तिने वाकून तो उचलला आणि टेबलावर ठेवला. का उचलला, हे तिला पुढे कितीदा विचारलं तरी सांगता आलं नाही. उठताना तिची नजर टेपच्या लोंबत्या टोकावर गेली. टोकाची पत्र्याची पट्टी निघालेली होती आणि तिथे लाल दोरा बांधलेला होता.

तो दोरा तिने स्वतः बांधला होता. टेप आईची होती.

मग मात्र ती किंचाळली.

२

इन्स्पेक्टर मॅडमना सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांमागे त्या रुमाल काढत. त्यामुळे त्या रडताहेत असं वाटायचं, आणि त्या खोलीत तेवढं तरी कुणीतरी रडत होतं म्हणायचं.

बाहेर फाटकाशी गर्दी जमली होती. भिंगरीला वाटलं, लोक हळहळायला आलेत. जवळ गेली तर एक बाई दुसरीला म्हणत होती, "गेली एकदाची! आता तरी ती सून सुखानं दोन घास खाईल." दुसरी हसली. हसणारी बाई त्यांच्याच इमारतीतली होती. अहो, सून नाटकातली आहे, मेलेली बाई खरी आहे! हे भिंगरीला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. पण तेवढ्यात आत आईची चौकशी सुरू झाली आणि ती आत पळाली.

आई कोपऱ्यात उभी होती, हात पोटाशी धरून. दोन वर्षं सगळ्या मालिकेचे कपडे बेतणारे, उसवणारे, टाचणारे ते हात. रोज गळ्यात टेप असायची तिथे आज काही नव्हतं.

"सकाळी मापं घेतली, टेप तिथेच विसरले," आई सांगत होती. "मग जेवणाच्या सुट्टीत पोशाख द्यायला गेले. दार वाजवलं, ओ आली नाही. वाटलं, डोळा लागला असेल. खुंटीला अडकवून परत आले. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही हो मी."

"आणि कालचं भांडण?" मॅडमनी विचारलं. "लाईटवाल्याने ऐकलंय. 'तुझ्या हातचं पाणीसुद्धा कडू लागतं' असं बाई ओरडल्या आणि तुम्ही डोळे पुसत बाहेर आलात."

"भांडण नव्हतं ते! बाई नवीन वाक्यं आधी माझ्यावर म्हणून बघायच्या. मी समोर बसायची, त्या मला बोलायच्या."

"आणि रडू?"

"लागलं म्हणून आलं." आई खाली बघत म्हणाली. "त्या म्हणायच्याच तशा."

मॅडमनी नाक पुसलं. "हे बघा. जेवणाच्या सुट्टीत बाईंना बोळात चालताना एकाने ऐकलंय. म्हणजे तोवर त्या जिवंत. त्यानंतर त्या दाराकडे जाताना सगळ्यांनी फक्त तुम्हाला पाहिलंय. चला, चौकीवर बोलू."

गाडीत बसताना आई एवढंच म्हणाली, "भिंगरे, डब्यातली पोळी खाऊन घे."

गाडी गेली. फाटकापाशी कुणीतरी टाळी वाजवली. "शाब्बास गं बये! सगळ्यांच्या मनातलं केलंस!"

भिंगरीने डोळे पुसले. आईने केलेलं नाही. मग कुणी केलं? प्रश्न विचारायलाच आली होती ना ती इथे? मग आता विचारायचेच.

३

मालिकेतली सून, म्हणजे नायिका, कॅन्टीनमध्ये एकटीच बसली होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"तुम्हाला त्या आवडायच्या नाहीत ना?" भिंगरीने सरळच विचारलं.

"कुणाला आवडायच्या?" नायिका थकून हसली. "मी रडरड रडायची, आणि लोक बोलायचे कुणाबद्दल? तर आत्याबद्दल! एकदा बाजारात एक बाई त्यांच्या अंगावर थुंकली, माहितीय? मी थरथर कापत होते. आणि ह्या रुमालाने बाही पुसत म्हणतात, 'कालचा भाग चांगला झालेला दिसतोय.'"

"मग तुम्हाला राग..."

"जळायचे गं मी त्यांच्यावर. राग वेगळा." तिने कप बाजूला सारला. "आमच्या हातात कागद यायचे, त्यात माझं रडणं दोन-दोन पानं आणि त्यांच्या नावापुढे काय? 'आत्या टोमणा मारते.' बस्स, एवढंच. पुढचं सगळं त्यांचं. रात्रभर डोकं खाजवून मला कधी एक तसं वाक्य सुचलं नाही."

"पण संवादांचं बक्षीस तर लेखककाकांना मिळालं!"

"तेच तर." नायिकेने आवाज खाली आणला. "पुढच्या आठवड्यात बाईंची मुलाखत होती. परवाच हसत म्हणत होत्या, 'आता सांगूनच टाकते, ही आत्या नक्की कुणाच्या डोक्यातून निघाली ते.'" मग तिने जीभ चावली. "तू लहान आहेस. जा घरी."

लहान! भिंगरी तडक उठली.

लेखककाका हॉलबाहेरच्या जिन्यात बसले होते. ते घरी बसून लिहायचे आणि तयार झालेले भाग घरच्या पडद्यावर बघायचे. सेटवर चुकूनमाकून उगवायचे, तेही कुणाच्या वाढदिवसाचा केक असला तर. शूटिंग चालू असताना त्यांना आत कुणी पाहिलेलं नव्हतं. गरम होतं म्हणायचे. आज त्यांच्या बोटांत एक न पेटवलेली सिगारेट होती आणि ते ती नुसती फिरवत होते.

"ये, बाळ. बस." त्यांनी जागा केली. "फार वाईट झालं. तुझ्या आईबद्दल पोलिसांना सांगताना माझी जीभ रेटत नव्हती गं."

"तुम्ही सांगितलंत?"

"मी जे ऐकलं ते सांगितलं. बाईंशी उद्याच्या प्रसंगाबद्दल बोलून मी खोलीतून निघालो. इथे, ह्याच पायरीवर, फोनवर बोलत उभा होतो. मागे बोळात त्यांच्या किल्ल्या ऐकल्या. छन् छन्, छन् छन्. पाणी प्यायला बाहेर आल्या असतील. मग खोलीकडे परत गेल्या. तो आवाज कोण विसरेल? अख्ख्या गावाच्या कानात बसलाय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे मी निघालो तेव्हा त्या जिवंत होत्या. आणि त्यानंतर तिकडे गेली ती तुझी आई."

भिंगरीच्या डोळ्यांपुढे ते सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. बाई चालताहेत, जुडगा वाजतोय, मागून आई जातेय, हातावर जांभळा पोशाख. कुठेच फट नव्हती.

घरी जाताना पहिल्यांदाच तिच्या मनात आलं: आई खरंच आत गेली नव्हती ना?

आणि त्या विचाराची तिला इतकी भीती वाटली, की ती रस्ताभर पळत सुटली.

४

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. आज ते दुकान बंद करून येऊन बसले होते. हातांवर पांढरी भुकटी तशीच होती. शेजारच्या भिंतीतून हसण्याचे आवाज येत होते. ते ऐकू येऊ नयेत म्हणून बाबांनी टीव्ही लावला आणि चॅनेल बदलायचं राहूनच गेलं.

पडद्यावर बाईंचा फोटो आला, फोटोभोवती मेणबत्त्या. मग कालच चित्रित झालेला भाग सुरू झाला. मेलेली बाई दारातून चालत आली, सुनेच्या हातातला पेला घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली,

"तुझ्या हातचं पाणीसुद्धा कडू लागतं."

बाबा ताठ झाले. "अगं, हे तर तेच! तुझ्या आईचं भांडण!"

"म्हणजे आई खरं बोलत होती. सराव होता तो!" भिंगरी उभीच राहिली. "सांगितलं होतं ना तिने!"

पडद्यावर आत्या वळली आणि बाहेर गेली. छन् छन्. छन् छन्. शेजारी कुणीतरी त्या आवाजाची नक्कल केली आणि पुन्हा हशा पिकला.

भिंगरी हसली नाही, रडली नाही. तिला दिसत होती खोलीतली फरशी. दप्तर आपटलं, जुडगा खाली पडला. एवढा मोठा जुडगा, फरशीवर! आणि...

आणि काहीच नाही.

ती धावत आईच्या शिवणाच्या डब्याकडे गेली. तळाशी जाड लोकरी कापडाचा तुकडा होता, त्यातून गोल गोल चकत्या कापून घेतलेल्या. त्या तिनेच तर कापल्या होत्या! अगदी सुरुवातीला, जुडगा चालताना वाजला की माइकमध्ये सुनेचं रडणं ऐकू येत नाही म्हणून आवाजवाला कुरकुरायचा. मग आईने आणि तिने जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक दोन किल्ल्यांमध्ये एक चकती घातली होती आणि दोऱ्याने आवळून टाकलं होतं. पडद्यावरची छन् छन् नंतर, स्टुडिओच्या दुसऱ्या टोकाला, आवाजवाला आपल्या घरच्या किल्ल्या हलवून भरायचा.

"बाबा! किल्ल्या वाजत नाहीत!"

"वाजताहेत की." बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले.

"टीव्हीत वाजतात! खऱ्या वाजत नाहीत! जवळजवळ दोन वर्षांत सेटवर त्या कुणीच ऐकलेल्या नाहीत. ज्याने ऐकल्या म्हणून सांगितलं, त्याने ही बाई फक्त टीव्हीवर चालताना ऐकलीय!"

बाबांनी हात पॅन्टला पुसले. "चप्पल घाल," ते म्हणाले. "चौकीवर जाऊ."

५

इन्स्पेक्टर मॅडमनी सीलबंद पिशवीतून जुडगा काढला आणि कानाजवळ नेऊन हलवला. पुन्हा हलवला. मग टेबलावर आपटला. धप्प.

"मीसुद्धा रोज बघते ही मालिका," त्या हळूच म्हणाल्या. "त्याने 'छन् छन्' म्हटलं आणि माझ्या कानात लगेच वाजलं. विचारायचं सुचलंच नाही." रुमाल नाकाशी होता, पण यावेळी त्या शिंकल्या नाहीत. "उद्या सकाळी तू येशील? रबरी तळव्याचे बूट घालून ये."

सकाळी जिन्याच्या त्याच पायरीवर लेखककाकांना बसवलं. तोंड बाहेर, पाठ बोळाकडे. नायिका, आवाजवाला, लाईटवाला, सगळे हॉलच्या दाराशी उभे. कुणाला बोलायची परवानगी नव्हती.

"साधी गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "माझी एक हवालदार कमरेला तो जुडगा लावून बोळातून चालणार. तुम्ही ऐकलात त्या जागी आवाज आला की हात वर करा. तुमचा जबाब पक्का होईल."

"अवश्य," काका म्हणाले. आवाजात थोडी कंटाळल्याची छटा होती.

भिंगरीने कमरेला जुडगा अडकवला. तो तिच्या मांडीला लागला तेव्हा तिला आठवलं, कालपर्यंत हा कुणाच्या कमरेला होता. तरी ती चालू लागली. बोळाच्या टोकापासून दारापर्यंत, दारापासून परत. मुद्दाम उड्या मारल्या. जुडगा वर उडाला, खाली आला. सगळे बघत होते. कुणी हसलं नाही.

काका बसून होते.

ती जिन्यापर्यंत आली. त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी जुडगा त्यांच्या कानापाशी गदागदा हलवला.

"निघाली नाही का अजून तुमची हवालदार?" काकांनी विचारलं.

"काका," भिंगरी म्हणाली, "मी कधीची इथेच आहे."

ते वळले. त्यांनी जुडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग दारातल्या सगळ्या चेहऱ्यांकडे. आवाजवाला म्हणाला, "त्या कधीच वाजत नाहीत, साहेब. छन् छन् मी भरतो."

काकांच्या बोटांतली सिगारेट मोडली.

मग ते बोलू लागले, कुणाकडेही न बघता.

"जिथे जाईन तिथे लोक विचारतात, असं कसं हो सुचतं तुम्हाला? दोन वर्षं मी हसून मान झुकवतोय. तिला म्हटलं, मुलाखतीत बोलू नकोस. म्हटलं, हवं तर पाया पडतो. ती आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली..." ते थांबले. "ते वाक्यही चांगलं होतं. मला तसं कधी लिहिता आलं नसतं. टेप खुर्चीच्या हातावरच पडली होती."

"काय म्हणाल्या त्या?" नायिकेने विचारलं.

काकांनी मान हलवली. ते शेवटचं वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

६

आई घरी आली. जेवली. झोपली. उठून पुन्हा शिवायला बसली. पण कापड हातात धरून नुसतीच बसून राहिली.

दोन दिवसांनी मॅडम घरी आल्या. "काकांनी पलटी खाल्ली," त्या म्हणाल्या. "त्यांचा वकील म्हणतो, कबुली दबावाखाली घेतली. आणि जुडग्यात ते कापड खून उघडकीला आल्यानंतर कुणीतरी कोंबलं. शिवणारीनेच, स्वतःला वाचवायला. स्टुडिओतले बाकीचे निर्मात्यांना घाबरून कोर्टात यायला तयार नाहीत. पोलीस येण्याआधी तो जुडगा पडताना पाहिलेली एकच व्यक्ती आहे." त्यांनी भिंगरीकडे बघितलं. "कोर्टात तुला सगळं विचारतील. तिथे का गेलीस, काय म्हणालीस, सगळं. विचार करून कळवा."

त्या गेल्या आणि थोड्याच वेळात निर्मात्यांचा फोन आला. नवी आत्या मिळाली होती, मालिका चालू राहणार होती, मावशींची, म्हणजे आईची, जागा पक्की होती. फक्त मुलीला ह्यात ओढू नका. चॅनेलला बोभाटा नकोय.

मागच्या बाकाचंही म्हणणं तयारच होतं. "तो प्रश्न सांगू नकोस हं," चष्मिष रडवेली झाली होती. "सांग की सही घ्यायला गेले होते. मेलेल्या बाईला आपण असं विचारलं, हे कळलं तर लोक काय म्हणतील?"

जेवणाच्या टेबलावर बाबांनी घसा खाकरला. "हे बघ, राणी. तुझ्या आईला सोडलंय. आता आपण चार पावलं मागे सरलेलं बरं. तो माणूस मोठा आहे. उद्या पेपरात तुझा फोटो, शाळेत बोटं दाखवतील."

आई ताटातली पोळी मोडत राहिली.

"आई," भिंगरीने विचारलं, "बाई वाक्य म्हणून झालं की काय करायच्या?"

आईचा हात थांबला. "म्हणजे?"

"तुला रडू आलं, त्या दिवशी. मग त्यांनी काय केलं?"

मग ती म्हणाली, "रोज करायच्या तेच. खुर्ची ओढून जवळ यायच्या, माझा हात धरायच्या. म्हणायच्या, 'लागलं का गं? लागलं असेल तर वाक्य चांगलं झालंय. पण तुला लागलं का?' मग आपल्याच रुमालाने माझे डोळे पुसायच्या." आईने ओठ चावला. "त्या दिवशी मी घाईत होते. रुमाल घ्यायला थांबले नाही. तशीच बाहेर आले, आणि लाईटवाल्याने पाहिलं."

भिंतीपलीकडे टीव्ही लागला. नव्या आत्याची पहिली जाहिरात. छन् छन्. शेजारीण म्हणाली, "ही पण तसलीच दिसतेय मेली!"

भिंगरी खुर्ची मागे सारून उभी राहिली. नाटकाच्या दिवशीसारखाच तिचा आवाज बाहेर आला.

"मी कोर्टात जाणार. जुडगा पडला आणि वाजला नाही, हे सांगणार. मी तिथे कशाला गेले होते तेही सांगणार, प्रश्नासकट. सहीची थाप मारणार नाही."

"भिंगरे," बाबा म्हणाले, "अगं, पण..."

"लोक हसले तर हसू देत, बाबा. मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही घरीसुद्धा अशाच असता का. त्यांना उत्तर देता आलं नाही. म्हणून ते मीच देणार, सगळ्यांसमोर."